गिल्ड काढणे आणि गिल्डमधून काढणे

गेल्या रविवारी रात्री अकराला मामेभावाचा फोन आला. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. एरवी त्याचा फोन म्हणजे "दादा, प्रोजेक्टचा कोड बघतोस का जरा" एवढ्यापुरताच. त्या दिवशी आवाज इतका पडलेला की मला वाटलं घरी कुणाला काही झालं.

"दादा, मला गिल्डमधून काढलं."

मी हसलो. चक्क हसलो, आणि आता त्याची लाज वाटतेय. कारण त्याचं पुढचं वाक्य होतं, "काढू देत रे, पण कारण तरी सांगायचं ना? आठ महिने होतो मी त्यांच्यात."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. २०२० साली, जवळजवळ ह्याच शब्दांत, एका माणसाने मला विचारलं होतं. तेव्हा काढणाऱ्यांत मी होतो. आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

तर मंडळी, ह्या वीकेंडचा विषय हा. ऑनलाइन रोलप्लेइंग गेम्समधल्या गिल्ड, आणि त्यांतून माणसं काढायची आपली पद्धत. ही पद्धत भेकड आहे असं माझं स्वच्छ मत आहे. माणूस काढूच नये असं मी म्हणत नाही, काढावा लागतो. पण रात्री तो झोपलेला असताना, एक शब्द न बोलता काढायचा, आणि सकाळी त्याने विचारलं की गप्प बसायचं, ह्याला माझा विरोध आहे. आणि हा विरोध करायचा हक्क मला नाही असं कुणी म्हणालं तर तेही बरोबरच आहे. त्याबद्दल पुढे येतोच.

आधी, ज्यांनी हे गेम कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी दोन मिनिटं. (खेळलेल्यांनी एक चहा घेऊन यावा.) वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला. एक मोठं जग, त्यात एकाच वेळी हजारो खेळाडू, प्रत्येकाचं एक पात्र. गिल्ड म्हणजे ह्या खेळाडूंनी स्वतःच चालवलेलं मंडळ. अगदी आपल्या गणपती मंडळासारखं: अध्यक्ष आला, पदाधिकारी आले, वर्गणी आली आणि रुसवेफुगवेही आले. सुरुवातीच्या काळात मोठमोठे राक्षस मारायला चाळीस जण एकाच वेळी ऑनलाइन लागायचे, सलग तीन-चार तास. ह्याला म्हणतात रेड. राक्षस मेला की त्याच्याकडून दोन-चार वस्तू मिळायच्या. माणसं चाळीस, वस्तू दोन-चार. पुढे काय होतं हे ज्याने घरात वाटणी पाहिली आहे त्याला सांगायला नको.

आता गंमत बघा. ह्या वाटणीसाठी खेळाडूंनी जे डोकं लावलंय त्याला तोड नाही. एव्हरक्वेस्ट हा गेम १९९९ चा. त्यातल्या गिल्डवाल्यांनी डीकेपी नावाची पद्धत शोधून काढली, म्हणजे ड्रॅगन किल पॉइंट्स. हजेरी लावली, राक्षस मारला की गुण जमा. वस्तू हवी असेल तर गुण खर्च करायचे. गेम बनवणाऱ्या कंपनीचा ह्यात काही संबंध नाही, सगळं खेळाडूंनी आपापल्या शीटवर सांभाळायचं. पुढे त्यात बोली आली, न वापरलेल्या गुणांची घट आली, 'लूट कौन्सिल' नावाची समिती आली. तलवार कुणाला द्यायची ह्यावर आपण पंचवीस वर्षं घासाघीस केली. माणूस कसा काढायचा ह्यावर मात पाच मिनिटंही खर्च केली नाहीत.

कारण काढणं फार सोपं आहे. वॉरक्राफ्टमध्ये चॅटच्या खिडकीत स्लॅश देऊन 'जीरिमूव्ह' लिहायचं, पुढे नाव टाकायचं, एंटर मारायचा. झालं. ज्यांना कोड लिहायची सवय आहे त्यांनी ह्या फंक्शनकडे नीट बघा. त्याला पॅरामीटर एकच, नाव. कारण विचारत नाही, मुदत विचारत नाही. "नक्की काढू का, आणि त्याला काय सांगू?" असंही विचारत नाही. जे ऑनलाइन असतील त्यांना चॅटमध्ये एक ओळ दिसते, अमक्याला तमक्याने गिल्डमधून काढलं. ज्याला काढलं तो जर ऑफलाइन असेल तर त्याला कळतं ते दुसऱ्या दिवशी, आपल्या पात्राच्या नावाखाली असलेलं गिल्डचं नाव नाहीसं झालं की.

आणि ह्याच गेममध्ये नवीन गिल्ड काढायची असेल तर? मूळ गेममध्ये आधी एक सनद विकत घ्यावी लागायची आणि तिच्यावर आणखी नऊ खेळाडूंच्या सह्या आणाव्या लागायच्या. आम्ही शहराच्या दारात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला "भाऊ, एक सही दे ना" म्हणत ह्या सह्या गोळा केल्यात. म्हणजे गिल्ड काढायला नऊ सह्या, आणि गिल्डमधून काढायला एकही नाही! मराठीत दोन्हीला क्रियापद एकच आहे, पण दोन्हींमधला फरक बघा.

आता माझी गोष्ट.

ऑगस्ट २०१९ मध्ये वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती 'क्लासिक' म्हणून परत आली. मी तेव्हा कॉलेजात होतो. भारतात ह्या गेमचा सर्व्हर नाही, म्हणून आम्ही चौघे भारतीय एका युरोपियन सर्व्हरवर खेळायचो. गिल्डचा प्रमुख डच, बाकी डॅनिश, पोलिश, तुर्की असे सगळे. आमच्या चौघांत एक होते काका. सोलापूरकडचे, चव्वेचाळीस वर्षांचे, बँकेत नोकरीला. त्यांचं पात्र प्रीस्ट, म्हणजे काम दुसऱ्यांना बरं करण्याचं. व्हॉइस चॅटवर मला "बाळा" म्हणायचे. मी "काका" म्हणतो हे ऐकून सगळं युरोप त्यांना काका म्हणायला लागलं. (तिकडच्या बऱ्याच भाषांत लहान मुलं 'काका' कशाला म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. काकांना कळल्यावर तेच सगळ्यांत जास्त हसले. :-))

काकांचा एक नेम होता. सकाळी सहाला उठून तासभर खेळायचे. आपल्याकडे सहा म्हणजे उन्हाळ्यात तिकडे मध्यरात्रीचे अडीच, सर्व्हर सामसूम. त्या वेळात ते ब्लॅक लोटस नावाचं फूल शोधत हिंडायचे. हे फूल दुर्मीळ, सगळ्यात महागड्या औषधाच्या बाटल्या त्याच्यापासून बनतात, आणि दिवसा त्याच्यामागे शंभर जण लागलेले असतात. काका सापडलेली फुलं गिल्डला देऊन टाकायचे. मूळ गेममध्ये गिल्डची सामाईक तिजोरी नव्हती, ती नोव्हेंबर २००७ च्या एका पॅचमध्ये आली. क्लासिकमध्येही सुरुवातीला नव्हती. त्यामुळे आमची तिजोरी म्हणजे एका ऑफिसरचं फालतू पात्र, सगळे त्याला पोस्टाने माल पाठवायचे. पावती वगैरे काही नाही. विश्वासावर.

रेडची वेळ सर्व्हरच्या घड्याळाने रात्री आठ. म्हणजे आपल्याकडे साडेअकरा. संपायला तीन. आठवड्यातून दोन रात्री. २०२० मध्ये मला नुकतीच नोकरी लागली होती, घरून काम, सकाळी अकराचा स्टँडअप, त्यामुळे मला काही फरक पडत नव्हता. काकांची बँक मात्र लॉकडाऊनमध्येही उघडी होती, आणि ते रोज जात होते.

मग २५ ऑक्टोबरला युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली. त्यांच्यासाठी आठ ते आठच. आपल्यासाठी साडेअकराचे साडेबारा झाले, आणि रेड संपायला पहाटेचे चार. काकांची हजेरी घसरली. पहिल्या आठवड्यात एक रात्र आले, पुढच्यात अर्ध्यातून गेले, नंतर नाहीच.

नोव्हेंबरच्या मध्यावर ऑफिसर्सची मीटिंग झाली. डिसेंबरमध्ये नॅक्सरमास उघडणार होतं, त्या काळातली सगळ्यात अवघड रेड, आणि प्रमुखाला "फक्त सीरियस लोक" हवे होते. हजेरीची शीट समोर उघडली. ती शीट मी बनवलेली. साठ टक्क्यांच्या खाली गेलं की ओळ आपोआप लाल व्हायची, त्याचा मला फार अभिमान होता. पाच ओळी लाल होत्या. त्यातली एक काकांची.

त्या मीटिंगमध्ये काकांची हजेरी का घसरली हे माहीत असलेला मी एकटा होतो. एक वाक्य बोलायचं होतं, "त्यांच्यासाठी वेळ एक तासाने पुढे गेलीय आणि त्यांना सकाळी बँकेत जायचं असतं." मी ते बोललो नाही. भारतीय म्हणून भारतीयाची बाजू घेतो असं कुणाला वाटू नये, ही एक भीती. आणि आपणही काठावर आहोत, कशाला तोंड उघडा, ही दुसरी. प्रमुख म्हणाला, शीट तुझ्याकडे आहे, तूच काढून टाक. पहाटे चार वाजता मी पाच नावं टाकली आणि पाच वेळा एंटर मारला. एक मिनिटही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचा मेसेज आला. "बाळा, गिल्डचं नाव दिसत नाहीये. काही बग आहे का?" मी वाचला. थोड्या वेळाने दुसरा आला, "काढलं असेल तर हरकत नाही रे, पण कारण सांग." मी लॉगआउट केलं.

नॅक्सरमासमध्ये आम्ही ज्या बाटल्या प्यायलो त्या काकांच्या फुलांच्या होत्या.

हे सांगितल्यावर गिल्डवाले मित्र जी उत्तरं देतात ती मला पाठ आहेत, कारण मीही तीच देत होतो. एकेक घेऊ.

पहिलं, "अरे, गेमच तर आहे." मान्य. मग हजेरीची टक्केवारी कशाला? आठवड्याला दोन रात्री, साडेतीन-साडेतीन तास, म्हणजे वर्षाला साडेतीनशे तास होतात. वर सबस्क्रिप्शनचे महिन्याला जवळजवळ तेरा युरो. काकांनी एक रात्र बुडवली की तो गंभीर मामला, आणि काकांना कारण सांगायची वेळ आली की तो गेम! हे म्हणजे भाडं घेताना घरमालक आणि नळ गळायला लागला की "आपण घरचीच माणसं" म्हणण्यासारखं झालं.

दुसरं, "गिल्ड प्रमुखाची आहे, तो ठरवेल." गेमच्या कोडमध्ये गिल्ड प्रमुखाची आहे, हे खरं. पण सनदेवर सह्या दुसऱ्यांच्या, राक्षस मारायला आणखी एकोणचाळीस, तिजोरीतला माल सगळ्यांचा. प्रमुखाच्या हातात बटण आहे एवढ्याने गिल्ड त्याची होत नाही.

माझे बाबा काही वर्षं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्या काळात जेवणाच्या टेबलावर कायम सहकारी संस्थांच्या कायद्याचं पुस्तक पडलेलं असायचं, म्हणून मला हे माहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम ३५. सभासदाला काढायचं तर त्यासाठी बोलावलेली सर्वसाधारण सभा लागते, हजर असलेल्या, मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी तीन चतुर्थांशांचं बहुमत लागतं, त्या सभासदाला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि एवढं करून निबंधकाची मंजुरी मिळेपर्यंत ठराव लागू होत नाही. पार्किंगवरून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या लोकांसाठी कायद्याने एवढी काळजी घेतलीय. गिल्डला निबंधक लागत नाही, तीन चतुर्थांशही नकोत. पण "तुझं काय म्हणणं आहे?" हा प्रश्न विचारायला कुठला कायदा लागतो?

(इथे कुणीतरी 'वाळीत टाकणं' हा शब्द काढेल. मी तो वापरणार नाही. वाळीत टाकलेल्या कुटुंबांना आपल्या राज्यात जे भोगावं लागलंय त्यासाठी २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला. ते दुःख वेगळं आहे, त्याच्याशी गेमची बरोबरी नको.)

तिसरं उत्तर जरा वजनदार आहे. "आधी सांगितलं तर तो जाता जाता नुकसान करून जाईल." ही भीती खोटी नाही. ईव्ह ऑनलाइन नावाचा अवकाशयानांचा गेम आहे, २००३ पासूनचा. त्यात बँड ऑफ ब्रदर्स नावाची एक बलाढ्य आघाडी होती. फेब्रुवारी २००९ मध्ये तिच्यातला, डायरेक्टरचे अधिकार असलेला एक खेळाडू विरोधी गूनस्वॉर्मला जाऊन मिळाला आणि त्याने अख्खी आघाडीच विसर्जित करून टाकली. वर्षानुवर्षं उभं केलेलं साम्राज्य, एका माणसाच्या हातून. तेव्हा चावी हातात असलेल्या माणसाला नोटीस देऊन मोकळं सोडा, असं मी म्हणणार नाही.

पण ह्यावरचा उपाय आपल्याला ऑफिसात माहीत आहे की! आधी अधिकार काढून घ्यायचे, मग बोलायचं. वॉरक्राफ्टमध्ये प्रत्येक रँकचे अधिकार वेगळे ठरवता येतात. तिजोरीचा अधिकार काढा, आमंत्रणाचा काढा, मग शांतपणे बोला. आणि काकांकडे कुठली चावी होती? ते तिजोरीत टाकत होते, काढत नव्हते. काढलेल्या पाच जणांपैकी एकाकडेही काही अधिकार नव्हते. आम्हाला भीती नुकसानीची नव्हतीच, आम्हाला भीती होती ती "का?" ह्या प्रश्नाची.

चौथं उत्तर माझं सगळ्यात नावडतं. "नियमबियम ऑफिसात. इथे आपण सगळे मित्र आहोत." जो फ्रीमन ह्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक निबंध लिहिला होता, 'द टिरनी ऑफ स्ट्रक्चरलेसनेस'. स्त्री चळवळीतल्या, "आमच्यात कुणी नेता नाही, काही नियम नाहीत" असं म्हणणाऱ्या गटांबद्दल. त्यांचा मुद्दा साधा होता: नियम नसले म्हणून सत्ता नाहीशी होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते, आणि आतल्या चार दोस्तांच्या हातात जाते. कुठल्याही गिल्डच्या ऑफिसर चॅनेलमध्ये आठवडाभर बसा, पन्नास वर्षांपूर्वीचा हा निबंध तुम्हाला कालच लिहिल्यासारखा वाटेल. आमच्या त्या मीटिंगमध्ये सहावी एक ओळ होती, अठ्ठावन्न टक्क्यांची. ती प्रमुखाच्या मित्राची होती. त्याचं काय झालं हे ओळखायला बक्षीस नाही.

पाचवं, "आम्ही पगार घेत नाही, वेळ कुणाला आहे?" चार ओळींचा मेसेज लिहायला तीन मिनिटं लागतात. पाच जणांचे मिळून पंधरा. त्याच आठवड्यात एक अंगठी कुणाला द्यायची ह्यावर आम्ही चाळीस मिनिटं भांडलो होतो.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा सगळ्यांनाच मांडीवर घेऊन बसा म्हणतोय. काही माणसं लगेच काढावीच लागतात. मुलींना घाणेरडे मेसेज पाठवणारा, वंशावरून शिव्या देणारा, सगळ्यांचा माल घेऊन पळणारा. तिथे सुनावणीसाठी आठवडाभर थांबलात तर ज्या मुलीला त्रास झाला ती आधी सोडून जाईल.

हा पेच नवा नाही. १९९३ मध्ये लॅम्डामू नावाचं एक जग होतं, चित्रं नाहीत, नुसता मजकूर. तिथे एका पात्राने दुसऱ्या पात्रांवर सगळ्यांसमोर, शब्दांतून लैंगिक अत्याचार केला. लोक जमले, तासन्‌तास चर्चा झाली, निर्णय काही झाला नाही. शेवटी अधिकार असलेल्या एकाने, तिथे त्यांना विझार्ड म्हणत, स्वतःच्या निर्णयाने ते पात्र मिटवून टाकलं. ज्युलियन डिबेल ह्या पत्रकाराने त्याच वर्षी ह्यावर लेख लिहिला, तो आजही वाचला जातो. त्यानंतर लॅम्डामूच्या संस्थापकाने काय केलं? "बरं झालं, गेला" म्हणून सोडून दिलं नाही. पुढच्या वेळी असे निर्णय लोकांनी करावेत म्हणून अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. ज्याला काढलं तो काढण्याच्याच लायकीचा होता. तरीही कसं काढावं ह्याचा विचार त्या लोकांना करावासा वाटला. आणि आपण, तीस वर्षांनी, काकांना पहाटे चारला काढतो.

आणि कारण सांगायचं म्हणजे चव्हाट्यावर धिंड काढायची असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये ओन्लीफँग्ज ह्या स्ट्रीमर्सच्या गिल्डमध्ये प्रकरण झालं. क्लासिकच्या हार्डकोअर सर्व्हरवर, जिथे पात्र मेलं की कायमचं मेलं. एका डंजनमध्ये डाव फसला, एक प्रसिद्ध स्ट्रीमर निसटला, सोबतच्या दोघांची पात्रं मेली. मग हजारो लोकांसमोर त्या क्षणाची चिरफाड, वाद, आणि शेवटी त्याची गिल्डमधून हकालपट्टी. चूक किती आणि कुणाची ह्यात मी पडत नाही. पण अशा प्रकारात कारण त्या माणसापेक्षा प्रेक्षकांनाच जास्त सांगितलं जातं. पहाटे गुपचूप काढणं आणि स्टेजवर उभं करून काढणं, दोन्हीत त्या माणसाशी बोलायचं राहूनच जातं.

मग करायचं काय? माझी मागणी फार नाही.

काढायच्या आधी एकदा विचारा. "तीन आठवडे दिसला नाहीस, सगळं ठीक ना?" एवढंच. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. आमचं तर नक्की मिटलं असतं.

रेडमधली जागा आणि गिल्डमधली जागा ह्यांत गल्लत करू नका. रेडमध्ये चाळीसच मावतात, गिल्डमध्ये शेकडो. जानेवारी २००७ मध्ये बर्निंग क्रुसेड आलं आणि मोठ्या रेडची मर्यादा चाळीसवरून पंचवीसवर आली. एका फटक्यात पंधरा जणांची जागा गेली, त्यांचा काही दोष नसताना. तेव्हाही शहाण्या गिल्डांकडे रस्ता होता: रेडमध्ये तू नाहीस, पण घर तुझंच आहे. काकांनाही हे चाललं असतं. त्यांना सकाळी सहाला फुलं गोळा करायची होती आणि रात्री अकराला थोड्या गप्पा मारायच्या होत्या. त्यासाठी कुठलीच जागा अडत नव्हती.

काढायचंच ठरलं तर कारण सांगा, स्वतःच्या नावाने. "ऑफिसर्सनी ठरवलं" असं नको, "मी ठरवलं, कारण हे" असं. ज्याने एंटर मारला त्यानेच सांगायचं. हे पटत नसेल तर एंटर मारू नका.

आणि हिशोब मिटवा. त्याचे गुण, त्याने तिजोरीत टाकलेला माल, त्याला कबूल केलेली वस्तू. सगळं परत देता येणार नाही, पण विचारा तरी. नोकरीवरून काढलेल्या माणसाचा पीएफ कुणी खाल्ला तर आपण केवढा आरडाओरडा करू.

नोकरीवरून आठवलं. २०२२-२३ मध्ये आपल्या क्षेत्रात कपात झाली तेव्हाच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉगिन होईना, कार्ड दाराला लावलं तर लाल दिवा. तेव्हा आम्ही मित्र चहाच्या टपरीवर उभं राहून किती तावातावाने बोललो होतो, माणसाला निदान समोर बसवून सांगायचं तरी! मीही बोललो होतो. मीच सगळ्यात मोठ्याने. काकांचा मेसेज येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि बोलताना मला तो एकदाही आठवला नाही.

मामेभावाला मी सांगितलं, प्रमुखाला एकच मेसेज कर. भांडू नकोस, परत घ्या म्हणू नकोस, फक्त कारण विचार. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर ती गिल्ड कशी आहे हे तुला आठ महिन्यांनी का होईना कळलं. त्याने केला. अजून उत्तर नाही.

फोन ठेवल्यावर मी जुनी शीट उघडली. ड्राइव्हवर अजून आहे. नाव, क्लास, हजेरी, गुण, मिळालेल्या वस्तू, सगळे कॉलम व्यवस्थित. काकांची ओळ अजून लालच आहे. 'कारण' असा कॉलमच मी केला नव्हता.

मग डिस्कॉर्डवर काकांचं जुनं खातं शोधलं आणि चार ओळी लिहिल्या. हजेरीवरून काढलं. घड्याळाचं मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. एंटर मीच मारला. फुलांचा हिशोब माझ्याकडे नाही, पण ती आम्ही वापरली. खरंच तीन मिनिटं लागली. पाठवायला मात्र आणखी अर्धा तास लागला.

ते खातं काका अजून वापरतात की नाही, देव जाणे. हे लिहीपर्यंत तरी त्यांचं उत्तर नाही. आणि न देण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, मी दिलं होतं कुठे?

असो. उद्या सोमवार, अकराला स्टँडअप. तुमच्यापैकी जे कुठल्या गिल्डचे ऑफिसर असाल, त्यांनी झोपायच्या आधी आपली शीट उघडून शेवटी एक कॉलम वाढवा. आणि आज रात्री कुणाचं नाव टाकणार असाल, तर आधी तो भरा.